यंत्रमानवांचे सामने आणि यशाचें सातत्य

एखाद्या वर्षीं एखाद्या शाळेचा संघ सामना जिंकतो आणि पुढील वर्षीं त्याचें नांवही ऐकूं येत नाहीं. हें स्वाभाविकच होय. कारण विद्यार्थी कुशल होतात न होतात तोंच शाळा सोडून जातात, व त्यांच्या जागीं नवशिके येतात. मग कांहीं थोडे संघ वर्षानुवर्षें अग्रभागीं राहतात, तें कशाच्या बळावर?

अमेरिकेंत डीन केमेन यांनीं १९८९ सालीं 'फर्स्ट' ही संस्था स्थापिली. तिचे यंत्रमानवांचे सामने १९९२ सालीं सुरू झाले. दरवर्षीं जानेवारींत नवा खेळ जाहीर होतो, आणि थोड्याच आठवड्यांत विद्यार्थ्यांस त्याजोगें यंत्र उभें करावें लागतें. कॅलिफोर्नियांतील सान होजे येथील बेलार्माइन या जेसुइट शाळेचा संघ, क्रमांक २५४, या सामन्यांत १९९९ सालीं उतरला. पुढें २०११, २०१४ व २०१८ या सालीं तो जगज्जेत्यांत गणला गेला. त्यास नासाच्या एम्स संशोधनकेंद्राचें साहाय्य लाभलें, आणि तें लहान नव्हे. परंतु साहाय्य मिळालेले सगळेच संघ असे टिकून राहिले नाहींत. तेव्हां कारण केवळ द्रव्यांत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

पहिलें कारण विचार. पाना हातीं घेण्यापूर्वीं असे संघ नियम बारकाईनें वाचतात. कोणत्या कृतीस किती वेळ लागतो व किती गुण मिळतात याचा हिशेब मांडतात, आणि जें उत्तम साधेल तेंच करावयाचें ठरवितात.

दुसरें कारण सराव. २०१९ पर्यंत ठराविक मुदतीनंतर यंत्र पिशवींत मोहोरबंद करावें लागे. २५४ क्रमांकाचा संघ तसेंच दुसरें यंत्र बनवी व त्यावर सराव करी. सैल राहिलेला स्क्रू सरावांत सांपडला तर कांहींच बिघडत नाहीं. सामन्यांत सांपडला तर सामना जातो.

तिसरें कारण आमच्या मतें सर्वांत मोठें. हा संघ आपल्या यंत्राची रचना आणि संगणकास दिलेल्या आज्ञा लिहून काढून सर्वांसाठीं प्रसिद्ध करतो. प्रतिस्पर्ध्यांस त्याचा लाभ होतो खरा. पण लिहिलेली विद्या विद्यार्थ्याबरोबर शाळेबाहेर जात नाहीं. याच्या उलट, जो हुशार मुलगा सर्व काम स्वतःच उरकतो, तो आजचा सामना जिंकून देतो आणि उद्यांचा संघ रिकामा करून जातो.

हें क्रिकेटच्या, नाटकाच्या वा विज्ञानमंडळाच्या चमूसही लागू आहे. विद्यार्थिमित्रहो, वरच्या वर्गांत गेलांत कीं आपला पाना धाकट्याच्या हातीं द्या. तो चुकला तरी धीर धरा. पालकांसही आमची विनंति आहे, कीं मुलानें कोणतें पारितोषिक आणिलें हें अवश्य विचारावें; परंतु यंदां त्यानें कोणास काय शिकविलें, हेंही विचारावें.