एकाच कानाने कमी ऐकू येतं तेव्हा

वय झालं की माणसाला कमी ऐकू येतं. पण ते बहुधा दोन्ही कानांनी. एकच कान हळूहळू बहिरा होऊ लागला, आत सारखा वाजू लागला, चालताना झोक जाऊ लागला, तर ते म्हातारपण समजू नये. आम्ही पाहतो, लोक कानात तेल घालतात, मळ काढून घेतात आणि वर्षं अशीच जातात.

बहुतेकांचं कारण साधं असतं. मळ असतो, नाही तर पडदा फाटलेला असतो. पण क्वचित कोणाच्या कवटीच्या तळाशी गाठ असते. वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्यालाच ती सापडते.

कवटीचा तळ म्हणजे मेंदू ज्या हाडावर टेकतो ती बैठक. तिच्यात बारीक भोकं असतात. कानाच्या आत अशाच एका अरुंद बोगद्यातून ऐकण्याची शीर जाते. तिच्याजवळ तोल सांभाळणारी शीर, आणि चिकटूनच चेहरा हलवणारी शीर. गाठ धरते ती तोलाच्या शिरेवर.

ही गाठ कर्करोगाची नव्हे. ती अंगात पसरत नाही. वाढते तीही सावकाश. काहींची तर वाढतच नाही. मग भीती कसली? जागेची! कवटी म्हणजे हाडाची पेटी, ती काही फुगत नाही. गाठ मोठी झाली की मेंदू दबतो, आणि मग जिवावर बेततं.

डॉक्टर आधी यंत्रावर दोन्ही कानांचं ऐकणं मोजतात. फरक दिसला तर एम. आर. आय. करतात. त्यासाठी मोठ्या नळीत निजावं लागतं. खडखड फार होते, पण दुखत नाही.

पूर्वी या शस्त्रक्रियेत पुष्कळ रोगी दगावत. अमेरिकेतले डॉक्टर हार्वे कुशिंग गाठ आतून पोखरत आणि वरचं कवच तसंच ठेवत. त्यामुळे माणसं वाचू लागली. त्यांनी १९१७ साली या गाठीवर ग्रंथच लिहिला. आता कानामागचं हाड उघडून, दुर्बिणीतून पाहत, गाठ तुकड्यातुकड्याने काढतात. काम तासन्‌तास चालतं. चेहऱ्याची शीर विजेच्या सौम्य धक्क्याने शोधत जातात. ती दुखावली तर तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही. गेलेलं ऐकणंही बहुधा परत येत नाही. हे सारं आधीच विचारून घ्यावं, लाजू नये. गाठ लहान असली तर किरणांनी तिची वाढ थांबवता येते, किंवा ठरलेल्या मुदतीने तपासणी करून नुसती नजर ठेवतात.

घरी एक करून पाहा. मोबाइल आधी एका कानाला लावा, मग दुसऱ्या. एका कानाला बोलणं नीट कळत नसेल, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा आणि कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा.