लाइफबोटीची दुसरी नोकरी

लाइफबोट बांधणाऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते : बोट बुडता कामा नये. वेग, झोपायला जागा, वाऱ्याच्या तोंडावर चढत जाण्याची कुवत, यातलं काही त्याच्या हिशेबात नसतं. अशी म्हातारी बोट विकत घ्यायची, तिच्यावर छप्पर आणि डोलकाठी चढवायची आणि समुद्रसफरीला निघायचं, हा तसा आतबट्ट्याचाच व्यवहार. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या बेताच्या कमाईच्या हौशी दर्यावर्द्यांना त्याचा नाद लागला.

या नादाला पुस्तकाचा आधार दिला ई. एफ. नाइटने. शिक्षणाने बॅरिस्टर, वृत्तीने भटक्या. पुढे काश्मीर-गिलगिटपर्यंत पोचून तिथल्या लढाईवर लिहिणारा वार्ताहर. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटीवरची एक जुनी लाइफबोट त्याने घेतली. लांबी जेमतेम 29 फूट, दोन्ही टोकं निमुळती, अंगावर तिरप्या सागवानी फळ्यांचा दुहेरी थर. साग किती टिकतो हे मुंबईच्या गोदीला वेगळं सांगायला नको; वाडियांनी बांधलेलं 1817 सालचं ‘ट्रिंकोमाली’ आजही हार्टलपूलला तरंगतं आहे.

खोड होती ती तळाला. खोल कणा नसल्यामुळे आडव्या वाऱ्यात लाइफबोट पुढे कमी आणि बाजूला जास्त सरकते. नाइटने डच होड्यांची युक्ती उचलली : दोन्ही कुशींना लाकडी फळ्या टांगायच्या आणि वाऱ्याच्या आडोशाची फळी पाण्यात सोडायची. बोटीचं नाव ‘फाल्कन’. मग तिच्यातून तो लंडनमधल्या हॅमरस्मिथहून थेट कोपनहेगनला गेला. त्या सफरीचं पुस्तक 1889 मध्ये आलं.

ब्रिटिश संसदेतला तरुण कारकून अर्स्किन चाइल्डर्स याने 1897 मध्ये अशीच एक बोट घेतली, ‘विक्सन’. भावाला सोबत घेऊन तो जर्मनीच्या फ्रिझियन बेटांमागच्या उथळ पाण्यात शिरला. ओहोटीला तिथे मैलोन्‌मैल वाळू उघडी पडते. खोल कण्याची देखणी यॉट तिथे कलंडली असती. बोजड विक्सन मात्र वाळूवर सरळ बसायची आणि भरतीची वाट पाहायची. जी उणीव म्हणून हिणवली जाई तीच इथे कामाला आली.

या सफरीतून 1903 ची ‘द रिडल ऑफ द सँड्‌स’ ही हेरकादंबरी जन्मली. तिच्यातली ‘डल्सिबेला’ म्हणजे विक्सनच. नोकरचाकरांच्या यॉटवर पाहुणचार झोडायला आलेला कॅरुथर्स हा परराष्ट्र खात्यातला बाबू एका खुराड्यात येऊन पडतो : मधोमध तळातून खाली-वर करायच्या फळीची पेटी, तिच्यावरच जेवायचं टेबल, उठताना छताला डोकं ठरलेलं. येताना रॉकेलचा स्टोव्ह घेऊन ये, असं मित्राने पत्रात बजावलंच होतं! लाइफबोटीतल्या संसाराचं इतकं खरं वर्णन दुसरीकडे क्वचितच सापडेल.

जर्मन स्वारीची गुप्त तयारी हा कादंबरीचा विषय. ब्रँडन आणि ट्रेंच या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना 1910 मध्ये त्याच किनाऱ्यावर हेरगिरी करताना पकडलं, तेव्हा लाइपझिगच्या खटल्यात या कादंबरीचाही विषय निघाला. ब्रँडनने ती तीनदा वाचल्याचं सांगितलं. दोघांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली.

चाइल्डर्सची नंतरची यॉट ‘असगार्ड’ हिच्यातून 1914 मध्ये आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका उतरल्या. ती डब्लिनच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. विक्सन दुसऱ्या महायुद्धानंतर लिमिंग्टनला मोडीत निघाली. संग्रहालयात जागा मिळण्याचा तिचा हक्क असगार्डपेक्षा तसूभरही कमी नव्हता.