विश्लेषण : गिझरमुळे वीजबिल नेमके कशाने वाढते?

थंडीत गिझर दिवसभर सुरू ठेवावा की अंघोळीपुरता, यावर घरोघरी वाद होतो. गणित मात्र सोपे आहे.

एका बादलीला किती वीज?
२० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे ०.४७ युनिट वीज लागते. चौघांच्या चार बादल्यांचे महिन्याला ५६ युनिट होतात. मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली प्रत्येकाने दहा मिनिटे घालवली, तर हाच आकडा २२५ वर जातो. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १०० युनिटांपुढे प्रतियुनिट दरही जास्त पडतो.

स्टार काय सांगतात?
ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे स्टार पाणी किती लवकर तापेल हे सांगत नाहीत. तापलेले पाणी टाकीत नुसते पडून असताना किती उष्णता वाया जाते, ते सांगतात. त्यामुळे गिझर दिवसभर सुरू ठेवणाऱ्यांना स्टारचा फायदा अधिक.

मग बचत कशी?
२ किलोवॉटच्या १५ लिटर गिझरमध्ये २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापायला साधारण २१ मिनिटे लागतात. तेवढाच वेळ आधी बटण दाबा, अंघोळी एकापाठोपाठ उरका आणि लगेच बंद करा. सर्वांत मोठी बचत मात्र शॉवरऐवजी बादलीतच आहे.