द्रुतला आवाज का फाटतो

किशोरी आमोणकरांच्या भूपाची एलपी ज्यांच्या घरात आहे, त्यांनी ती एकदा कान देऊन ऐकावी. 'प्रथम सूर साधे' सुरू होतं तेव्हा पिन काठाशी असते आणि तंबोरे कसे लख्ख वाजतात. मग पिन आत सरकते, लेबल जवळ येतं, 'सहेला रे' रंगात येतं आणि नेमके तिथेच 'स' चरचरायला लागतात, वरची तान कडेला फाटते. आमच्या घरी कित्येक वर्षं यावर एकच निदान होतं: "रेकॉर्ड घासलीय." थोडी घासली होतीही. पण खरी खोड कार्ट्रिजची होती, ते वाकडं बसलं होतं.

कार्ट्रिज म्हणजे पिन धरणारी काडेपेटीहून लहान डबी. दोन बारीक स्क्रूंनी ती दांड्याच्या टोकाला, हेडशेलला, लटकलेली असते. स्क्रूंमधलं अंतर ठरलेलं आहे, 12.7 मिलिमीटर म्हणजे अर्धा इंच. पण हेडशेलला लांबट फटी असतात, त्यामुळे डबी पुढे-मागे सरकते, थोडी फिरतेही. सगळा खेळ त्या दोन-चार मिलिमीटरांत.

मूळ रेकॉर्ड कापताना कटर काठापासून मध्याकडे सरळ रेषेत जातो. आपल्या प्लेअरचा दांडा मात्र एका खुंटीवर फिरतो, दार बिजागरीवर फिरतं तसा, आणि कमान काढतो. सरळ कापलेलं कमानीने वाचायचं, तर पिन सगळीकडे खाचेच्या दिशेत राहणं शक्यच नाही. म्हणून दांडा मध्याच्या खिळ्यापलीकडे पंधरा-अठरा मिलिमीटर जाईल एवढा लांब ठेवतात आणि डोकं तिरकं करतात. मग पूर्ण बाजूत दोन ठिकाणी पिन तंतोतंत बसते, बाकी ठिकाणी अंश-दोन अंश चुकते. हा हिशेब 1924 साली इंग्लंडात पर्सी विल्सनने मांडायला घेतला. स्वीडनच्या लोफग्रेनने 1938 मध्ये तो नीट सोडवला, बेअरवॉल्डने 1941 मध्ये. आज सर्रास वापरतात त्या बेअरवॉल्डच्या मांडणीत ही दोन ठिकाणं मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर येतात.

आता आतली बाजूच का फाटते? रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते, काठाला असो की लेबलाशी. पण काठाला सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच पिनेखालून जाते, आत पोचेपर्यंत जेमतेम 21. तोच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. तिथे अंशाची चूकही कानाला टोचते. सिनेमाच्या एलपीत या आतल्या जागेत शेवटचं एक गाणं जातं. ख्यालात मात्र आपण विलंबित आधी गातो, द्रुत शेवटी. म्हणजे तानांची सगळी गर्दी सगळ्यात अडचणीच्या जागी! 1948 साली अमेरिकेत एलपी निघाली तेव्हा ख्याल कुणाच्या डोक्यात नव्हता, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

स्टीव्हन्सनने 1966 साली मांडणी जरा बदलली. त्याची ठिकाणं 60.3 आणि 117.4. पहिलं ठिकाण थेट शेवटच्या खाचेवर. मधल्या भागात त्याची किंमत मोजावी लागते, पण विलंबित ती सहज सोसतं. ख्याल ऐकणाऱ्याने स्टीव्हन्सनच घ्यावा, असं माझं मत आहे. बेअरवॉल्डवाले भांडतील, भांडोत.

विठ्ठलवाडीला राहण्याचा एक फायदा असा, की या कामाची हत्यारं शेजारच्या धंद्यांकडे मिळतात. कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक वायरी ओढायला जीन्सच्या कारखान्यांत ओव्हरलॉकचा दोरा ओवतात तो लांब चिमटा लागतो. पांढरी-निळी डावी, लाल-हिरवी उजवी, एवढं लक्षात ठेवायचं. चिमटा लोखंडी असल्याने पिनेजवळ मात्र न्यायचा नाही, आतल्या चुंबकाकडे तो खेचला जातो आणि पिनेची काडी मोडते. माझी एक मोडली आहे. प्लेअरची पातळी बघायला फर्निचरवाल्या सुताराची लेव्हल, आणि पिनेचा दाब मोजायला सराफांकडे असतो तसा खिशातला काटा. तोटा म्हणजे रूळ जवळ. मालगाडी गेली की टेबलावरचा प्लेअर शहारायचा. भिंतीत बसवलेल्या कडप्प्यावर ठेवल्यापासून शांत आहे.

दाबाचं घरोघरचं जुनं औषध म्हणजे दांड्याच्या डोक्यावर चार आणे. पिन अडकली की नाणं ठेवायचं. निकेलचं चार आण्यांचं नाणं अडीच ग्रॅमचं. जुन्या पेटीवजा प्लेअरची जाड पिन ते खपवून घ्यायची. आजचं साधं, चांगलं कार्ट्रिज दोन ग्रॅमवर चालतं, त्यावर अडीच ग्रॅम ठेवले की झालं कल्याण. पुढे कितीही नीट बसवा, खरवडलेली खाच भरून येत नाही. आमच्या भूपावर हे नाणं किती वर्षं फिरलं असेल, कोण जाणे.

प्रत्यक्ष काम असं: आधी मागचं वजन फिरवून दांडा तराजूसारखा तरंगता करायचा, मग काट्यावर दोन ग्रॅम. निवडलेल्या मांडणीच्या त्या दोन ठिकाणांच्या खुणांचा छापील कागद मध्याच्या खिळ्यात ओवायचा, पिन पहिल्या खुणेच्या ठिपक्यावर अलगद टेकवायची आणि भिंगातून बघायचं की डबीची कड कागदावरच्या रेघांना समांतर आहे का. मग दुसरी खूण. तिथे चुकली तर डबी केसभर सरकवून पुन्हा पहिली. असं सात-आठ वेळा. स्क्रू आवळताना डबी हमखास वळते, म्हणून दोन्ही थोडे थोडे, आलटून पालटून. शेवटी दाब परत मोजायचा, कारण डबी सरकली की तोही बदलतो. पहिल्यांदा मला अख्खा रविवार लागला. संध्याकाळी भूप लावला, 'सहेला रे' आलं, आणि शेवटच्या ताना मोकळ्या ऐकू आल्या. थोडी चरचर राहिली, ती नाण्याची.

खुणांचा कागद छापून घेणार असाल तर दुकानदाराला शंभर टक्के मापातच छापायला सांगा आणि घरी आल्यावर पट्टीने मोजून बघा. बहुतेक मशीन कागदात बसवायला आकृती थोडी लहान करतात. रेकॉर्ड घासली म्हणून रद्दीत घालायच्या आधी एवढं कराच.