खुब्याचे स्नायू बळकट ठेवा

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्यासाठी काही व्यायाम करता का, असे मंडळातील मंडळींना विचारले की हमखास उत्तर येते, "आम्ही रोज तासभर चालतो की!" चालणे उत्तमच; परंतु तेवढ्याने खुब्याच्या बाजूचे स्नायू पुरेसे बळकट होत नाहीत.

चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार क्षणभर एकाच पायावर येतो. त्या वेळी कंबर समतोल धरण्याचे काम हे स्नायू करतात. ते कमजोर असले की कंबर दुसऱ्या बाजूला झुकते आणि गुडघ्यावर व पाठीवर ताण पडतो. बर्फावर पाय घसरला तर तोल सावरणेही अवघड जाते. उतारवयात कुशीवर पडल्यास खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो.

घरच्या घरी तपासून पाहा. आरशासमोर, ओट्याजवळ, एका पायावर ३० सेकंद उभे राहा. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली, तर उभ्या पायाकडचे स्नायू कमजोर असण्याची शक्यता आहे. ट्रेन्डेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदांनी १८९५ साली या लक्षणाचे वर्णन केले.

आता व्यायाम :

१) कुशीवर झोपून खालचा पाय दुमडावा. वरचा पाय सरळ ठेवून फूटभर उचलावा व सावकाश खाली आणावा. पायाची बोटे समोर असावीत, छताकडे नकोत.

२) उताणे झोपून गुडघे दुमडावेत. कंबर उचलून ५ आकडे मोजावेत.

३) हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे, सावकाश बसावे.

४) ओटा धरून खेकड्यासारखे आडवे चालावे, १० पावले डावीकडे, १० उजवीकडे.

पहिले तीन व्यायाम १० वेळा (पहिला दोन्ही कुशींवर), असे सर्वांचे दोन फेरे, दिवसाआड करावेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत.

खुब्याचे ऑपरेशन झालेल्यांनी किंवा हाडे ठिसूळ असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. भारतातून आलेल्या आईवडिलांनाही हे व्यायाम शिकवा. आणि कोणी पडल्यावर जांघेत दुखत असेल, पायावर भार देता येत नसेल, तर "थोडे चालून बघा" असे म्हणू नका. त्यांना न हलवता ९११ला फोन करा.