चहाची उपकरणे

चहाच्या सुट्या पानांपासून पेय तयार करण्यासाठी वापरली जाणारी भांडी व साधने. पाणी तापविण्याची किटली, पाने मुरविण्याची चहादाणी किंवा झाकणाचा वाडगा, गाळणे, मापे, तापमापक व पेले यांचा त्यांत समावेश होतो. देशोदेशी या साधनांचे आकार भिन्न असले, तरी त्यांची मुख्य कार्ये तीनच आहेत : पाण्याचे तापमान योग्य पातळीवर राखणे, पानांना फुलण्यास जागा देणे आणि ठरावीक वेळ होताच पाने व द्रव वेगळे करणे. भांडे कितीही सुंदर वा मौल्यवान असले, तरी यांपैकी एखादे कार्य त्याच्याकडून होत नसेल, तर उत्तम प्रतीची पानेही वाया जातात. [→ चहा].

तत्त्व : आयुर्वेदीय औषधिकल्पनेत फांट व क्वाथ (काढा) असा भेद करतात. गरम पाणी द्रव्यावर ओतून, काही वेळ झाकून ठेवून गाळले म्हणजे फांट तयार होतो, तर द्रव्य पाण्यात उकळून काढा करतात. सुट्या पानांचा चहा हा फांट होय. भारतात घरोघरी होणारा दूध-साखरेचा चहा काढ्याच्या जवळचा आहे. या दोन रीतींना लागणारी साधने वेगळी असतात व एकीची साधने दुसरीला सहसा उपयोगी पडत नाहीत.

पानांतील ॲमिनो अम्ले, विशेषतः थिअनीन, तुलनेने कमी तापमानाच्या पाण्यातही विरघळतात व पेयाला गोडसर, भरीव चव देतात. कडवटपणा आणणारे कॅफीन व तुरटपणा आणणारी कॅटेचिने ही संयुगे मात्र तापमान वाढेल तसतशी अधिक वेगाने पाण्यात उतरतात. त्यामुळे जपानी सेंचासारख्या हिरव्या चहाला सु. ७०° ते ८०° से. व सावलीत वाढविलेल्या ग्योकुरो चहाला ५०° ते ६०° से. तापमानाचे पाणी पुरते. काळ्या चहात ऑक्सिडीभवनामुळे बऱ्याचशा कॅटेचिनांचे रूपांतर होऊन रंग व चव देणारी वेगळी संयुगे बनलेली असतात. ती नीट उतरण्यासाठी ९५° से.च्या वरचे पाणी घेतात. अर्धवट ऑक्सिडीभवन झालेला ऊलाँग चहा या दोहोंच्या मधला असून त्याला बहुधा ९०° ते ९५° से. तापमान योग्य ठरते. दार्जिलिंगचा वसंतातील पहिल्या तोडीचा चहा काळा म्हणून गणला जात असला, तरी तो नाजूक असल्याने त्याला थोडे कमी तापलेले पाणी अनेक जण पसंत करतात.

इतिहास : आठव्या शतकात लू यू या चिनी लेखकाने चा जिंग या ग्रंथात चहासाठी लागणाऱ्या वीसांहून अधिक साधनांचे वर्णन केले आहे. त्या काळी पाने दाबून वड्या करीत. वडी भाजून, कुटून तिची पूड कढईत उकळत. साँग राजवटीत (९६०–१२७९) वाडग्यातील बारीक पुडीवर गरम पाणी ओतून ती बांबूच्या घुसळणीने घुसळण्याची रीत रूढ झाली. जपानमधील माच्चा चहात ती टिकून आहे. या दोन्ही रीतींत पूड पेयाबरोबरच पोटात जाऊ शके, त्यामुळे पाने अडविणाऱ्या भांड्याची गरज नव्हती.

१३९१ मध्ये मिंग सम्राट हाँगवू याने वड्यांच्या रूपातील चहाची खंडणी बंद करून सुटी पाने स्वीकारण्यास प्रारंभ केला. सुट्या पानांचा प्रसार झाल्यावर, आत पाने धरून ठेवील व तोटीतून केवळ द्रव बाहेर सोडील, असे भांडे आवश्यक ठरले. जिआंग्सू प्रांतातील यीशिंग येथे सोळाव्या शतकापासून जांभळट-तांबड्या मातीच्या, झिलई नसलेल्या लहान चहादाण्या होऊ लागल्या. सतराव्या शतकात त्या डच व्यापाऱ्यांमार्फत यूरोपात पोहोचल्या व तेथील कुंभारांनी त्यांचे अनुकरण केले. जर्मनीतील माइसेन येथे १७१० मध्ये पोर्सलिनचा कारखाना निघाल्यावर चहाची भांडी यूरोपातच मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. जपानमध्ये १७३८ मध्ये नागातानी सोएन याने उजी परिसरात वाफविलेल्या पानांचा सेंचा तयार करण्याची सुधारित पद्धती प्रचारात आणली. बाजूला मूठ असलेली क्यूसू ही चहादाणी पुढे या चहाशी निगडित झाली.

चहादाण्यांचे प्रकार : झिलईदार पोर्सलिन निर्लेप असते, ते आधीच्या चहाचा वास धरीत नाही. निरनिराळे चहा एकाच भांड्यात करावयाचे असल्यास ते सर्वांत सोयीचे होय. यीशिंगची माती किंचित सच्छिद्र असल्याने चहाचा गंध धरते, म्हणून असे भांडे एकाच प्रकारच्या चहासाठी राखून ठेवतात. काचेच्या भांड्यात पानांचे फुलणे व द्रवाचा रंग दिसतो, परंतु पातळ काच लवकर निवते. जपानी बिडाची किटली मूळची पाणी उकळण्यासाठी आहे. तिच्यासारख्या दिसणाऱ्या, पण आतून मिना चढविलेल्या चहादाण्या फक्त पाने मुरविण्यासाठी असून विस्तवावर ठेवल्यास त्यांचा मिना तडकतो. विकत घेताना हा भेद लक्षात घेणे जरूर आहे.

चीनमध्ये गायवान हा बशी, वाडगा व झाकण अशा तीन भागांचा संच वापरतात. त्याची धारकता बहुधा १०० ते १५० मिलि. असते. झाकण किंचित तिरपे धरून पाने अडवितात व द्रव ओततात. फूज्येन व ग्वांगडुंग प्रांतांतील गाँगफू पद्धतीत अशा लहान भांड्यात ५ ते ८ ग्रॅ. पाने घालून प्रत्येक वेळी थोडी सेकंदेच मुरवितात आणि त्याच पानांपासून अनेकदा चहा काढतात. पाश्चात्त्य पद्धतीत मोठ्या चहादाणीत दर २०० मिलि. पाण्यास २ ते ३ ग्रॅ. पाने घालून ३ ते ५ मिनिटे एकदाच मुरवितात. लहान भांड्याला पाश्चात्त्य वेळ किंवा मोठ्या भांड्याला गाँगफूचे प्रमाण लावले, तर पेय पिण्याजोगे राहत नाही.

चांगल्या चहादाणीची तोटी धार तुटताना ठिबकत नाही, झाकण घट्ट बसते आणि त्यास हवा आत येण्यासाठी बारीक भोक असते. हे भोक बोटाने दाबल्यावर धार थांबली, तर झाकण नीट बसले आहे असे समजावे. तोटीच्या मुळाशी एकच मोठे भोक असण्यापेक्षा अनेक बारीक छिद्रे असणे इष्ट असते.

गाळण्याची साधने : साखळीला लावलेली जाळीची गोळी सर्वत्र मिळते, परंतु अखंड पानांसाठी ती गैरसोयीची ठरते. कोरडी पाने भिजल्यावर कितीतरी पट फुगतात. गोळीत ती दाटतात व मधल्या पानांपर्यंत पाणी नीट पोहोचत नाही. पेल्याच्या तळापर्यंत जाणारी रुंद जाळीची टोपली त्याहून चांगली. वेळ होताच ती उचलून घेता येते. टोपली नसल्यास एका भांड्यात पाने मुरवून दुसऱ्या, आधी गरम केलेल्या भांड्यात सर्व द्रव गाळून घ्यावा. पाने आत ठेवून चहादाणीवर लोकरीचे आवरण घातले, तर चहा गरम राहतो, पण तो कडूही होत जातो.

पाणी, तापमान व मापे : थंड चहादाणीत उकळते पाणी ओतल्यास बरीच उष्णता भांडेच शोषून घेते. सु. ३०० ग्रॅ. वजनाच्या पोर्सलिनच्या भांड्यात ४०० मिलि. उकळते पाणी ओतले, तर ढोबळ गणिताने तापमान १०° से.च्या आसपास उतरते. काळ्या चहासाठी भांडे आधी गरम पाण्याने विसळण्याची रीत यामुळेच पडली आहे. हिरव्या चहासाठी उलट पाणी थंड करावे लागते. जपानमध्ये त्यासाठी युझामाशी हे उघडे भांडे वापरतात. तापमापक नसल्यास उकळलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतूनही ते पुरेसे निववता येते. उंचीप्रमाणे पाण्याचा उकळबिंदू उतरतो. महाबळेश्वरला (सु. १,३७० मी.) तो सु. ९५° से. व दार्जिलिंगला (सु. २,००० मी.) सु. ९३° से. असतो; तेथे काळा चहा थोडा अधिक वेळ मुरवावा लागतो. दुष्फेन (सहज फेस न देणाऱ्या) पाण्यात चहावर तवंग येतो व रंग मळकट होतो.

चमच्याचे माप फसवे असते. दाणेदार सीटीसी चहाचा एक चमचा व लांब, सैल पानांचा एक चमचा यांच्या वजनांत मोठा फरक पडतो. ०.१ ग्रॅ.पर्यंत वजन दाखविणारा लहान काटा हे स्वस्त पण फार उपयुक्त साधन होय. चहाच्या चव-परीक्षणासाठीच्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार (आयएसओ ३१०३) पांढऱ्या पोर्सलिनच्या किंवा झिलईदार मातीच्या झाकणाच्या भांड्यात दर १०० मिलि. पाण्यास २ ग्रॅ. पाने घेऊन ती ६ मिनिटे मुरवितात. दोष उघड व्हावेत म्हणून हे पेय मुद्दाम कडक करतात. घरगुती चहासाठी ते प्रमाण नव्हे.

भारतीय साधने : भारतात खपणारा बहुतेक चहा सीटीसी प्रकारचा असतो. त्याचे दाणे उकळत्या पाण्यात चटकन उतरतात व दुधातही चव राखतात. पातेले, सांडशी, गाळणे व किटली हा घरगुती संच त्यासाठी सर्वस्वी योग्य आहे. पुण्यातील अमृततुल्य दुकानांतील पितळी पातेले, आले-वेलदोडे कुटण्याचा खलबत्ता व कापडी गाळणे ही साधनेही काढ्याच्याच रीतीची आहेत. अडचण येते ती दार्जिलिंग, निलगिरी किंवा कांग्रा येथील अखंड पाने याच पातेल्यात उकळली जातात तेव्हा. त्यांचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो व तुरटपणा तेवढा उरतो. दोष पानांना दिला जातो. वास्तविक तो साधनाच्या निवडीत असतो. अशा चहासाठी नवीन भांडी घेतलीच पाहिजेत असे नाही. झाकण बसेल असे चिनी मातीचे वा पोलादी भांडे, रुंद गाळणे व घड्याळ एवढ्यांवर काम भागते.

निगा व सुरक्षितता : पितळी किंवा तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई असावी व ती झिजल्यास पुन्हा करून घ्यावी. शिसेयुक्त झिलईच्या जुन्या अथवा केवळ शोभेच्या भांड्यांत चहा करू नये. लिंबाच्या रसासारख्या आम्ल पदार्थाने शिसे अधिक प्रमाणात पेयात उतरते. लोखंडाचा उघडा पृष्ठभाग चहातील पॉलिफिनॉल संयुगांशी संयोग पावून पेय काळे करतो. पोर्सलिन व काचेवरील तपकिरी डाग खाण्याच्या सोड्याने निघतात. ॲल्युमिनियमच्या भांड्यावर मात्र सोडा वापरू नये, कारण अल्कलीने तो धातू झिजतो. झिलई नसलेली भांडी साबण न लावता केवळ गरम पाण्याने धुऊन, झाकण काढून पूर्ण वाळवावीत. ओलसर राहिल्यास त्यांना बुरशी येते.