प्रक्षेपण खंडित होऊ नये म्हणून

आपल्या निवासी शाळेचे स्नेहसंमेलन जानेवारीत भरते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तेव्हा ऐन भरात असतो आणि आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील ऊसतोडीसाठी दूर फडावर असतात. संमेलनास येणे त्यांना शक्य नसते. मोबाइलवर दिसेल तेवढेच त्यांच्या वाट्याला येते. काही वर्षांपूर्वी वक्तृत्वाचे पहिले पारितोषिक मिळालेली आपली एक विद्यार्थिनी बोलावयास उभी राहिली आणि नेमके तेव्हाच थेट प्रक्षेपण बंद पडले. मंडपात बसलेल्या आम्हा कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. "गुरुजी, माझी पोर काय बोलली?" एवढेच तिने विचारले. आम्ही भाषणाचा कागद काढून वाचून दाखवला. परंतु मुलीचा आवाज त्यात कोठून येणार?

चौकशीअंती कारण अगदी साधे निघाले. इंटरनेटची एकमेव तार मंडपामागे ट्रॅक्टरच्या चाकाखाली सापडून तुटली होती. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे 'मूकनायक' आठवल्यावाचून राहत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेले ते पाक्षिक, बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी लंडनला गेल्यावर फार काळ तग धरू शकले नाही आणि त्यांच्या पुढच्या पत्राची, 'बहिष्कृत भारत'ची, समाजाला ३ एप्रिल १९२७ पर्यंत वाट पाहावी लागली.

त्यानंतर संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने नवी व्यवस्था बसवून दिली. ती आम्हालाही प्रथम समजली नव्हती, म्हणून येथे विस्ताराने मांडतो.

कॅमेऱ्याचे चित्र आणि माइकचा आवाज एन्कोडर नावाच्या यंत्रात जातो. तेथे त्याचा आकार लहान होतो आणि इंटरनेटवरून तो क्लाउडकडे, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकांकडे रवाना होतो. आपण ॲमेझॉनच्या मीडियालाइव्ह या सेवेचे मुंबईतील केंद्र वापरतो. तेथे एकाच चित्राच्या कमीअधिक स्पष्टतेच्या अनेक आवृत्त्या तयार होतात. फडावरच्या क्षीण नेटवर्कला हलकी आवृत्ती मिळते, शहरातल्या घराला ठळक. पाहणारे पन्नास असोत वा पाच हजार, शाळेतून एकच प्रवाह बाहेर पडतो. त्यामुळे सर्वांत नाजूक भाग ठरतो तो शाळेपासून क्लाउडपर्यंतचा. क्लाउडमध्ये हवे तर परस्परांपासून वेगळ्या ठिकाणी दोन समांतर यंत्रणा चालवता येतात. परंतु शाळेतूनच काही आले नाही तर त्या दोन्ही रित्याच राहणार.

म्हणून आता आपण दोन इनपुट देतो, म्हणजे एकच कार्यक्रम दोन एन्कोडरमधून दोन वाटांनी पाठवतो. पहिली वाट ब्रॉडबँडची, दुसरी मोबाइल कंपनीच्या राउटरची. मीडियालाइव्हच्या चॅनेलमध्ये या दोन इनपुटांची जोडी बांधून एकाला मुख्य आणि दुसऱ्याला पर्यायी ठरवले जाते. दोन्ही सतत येत असतात. मुख्य इनपुटात बिघाड दिसताच यंत्रणा आपोआप पर्यायी इनपुटाकडे वळते. यालाच इनपुट फेलओव्हर म्हणतात.

मात्र बिघाड कशाला म्हणायचे, हे यंत्राला आपणच सांगावे लागते. प्रवाह येणे थांबले, चित्र काळे पडले किंवा आवाज नाहीसा झाला, अशा तीन अटी घालता येतात आणि प्रत्येकीसाठी किती वेळ थांबायचे हे मिलिसेकंदांत ठरवता येते. आम्ही प्रथम उत्साहाने तिन्ही अटी लावल्या. आनापानसतीच्या वेळी ध्वनियंत्रणा सांभाळणारा विद्यार्थी सर्व माइक बंद करतो, कारण पंख्यांची घरघर ऐकू येऊ नये. ध्यानाची ती शांतता यंत्राच्या लेखी बिघाडच! महापरिनिर्वाण दिनी अभिवादनासाठी उभे राहिल्यावर किंवा मेणबत्त्या लावण्यापूर्वी दिवे मालवल्यावरही हेच घडणार. शिवाय आपला कॅमेरा एकच असल्याने दुसऱ्या वाटेवरही तीच शांतता आणि तोच अंधार येतो. वाट बदलून लाभ काहीच नाही. म्हणून केवळ प्रवाह थांबण्याची अट ठेवली आणि मर्यादा तीन सेकंदांची केली. याहून कमी ठेवली तर नेटवर्कच्या क्षुल्लक हिसक्यानेही वाट बदलते.

परतीचाही प्रश्न असतो. दोन्ही इनपुट समान मानले तर यंत्रणा पर्यायी वाटेवरच राहते. मुख्य इनपुटाला प्राधान्य दिले तर ते सुधारताच परत येते. आपली मोबाइलची वाट कमजोर आहे, म्हणून प्राधान्य मुख्य वाटेलाच दिले. परंतु ब्रॉडबँड कधी कधी क्षणभर येऊन पुन्हा जाते. त्यासाठी मुख्य इनपुट सलग एक मिनिट निर्दोष राहिल्यावरच परतावे, असे ठरवले.

एवढे करूनही पहिली तालीम फसली. दोन वाटा होत्या, दोन एन्कोडर होते. पण दोघांची वीज एकाच बोर्डावरून घेतलेली. नववीच्या एका विद्यार्थ्याने सांगितल्याप्रमाणे तार उपटली तेव्हा सर्व सुरळीत चालले. नंतर त्याने न सांगता बोर्डाचे बटण बंद केले आणि पडदा काळा झाला. त्याला कोणी रागावले नाही. दुसरा एन्कोडर त्याच दिवशी स्वतंत्र इन्व्हर्टरवर गेला. वाट बदलताच आमच्या मोबाइलवर संदेश यावा अशीही सोय केली. कारण प्रेक्षकांना काहीच जाणवले नाही तर आम्हालाही जाणवत नाही आणि पहिली तार तुटलेलीच राहते.

चॅनेल चालू असते तोवर पैसे लागतात, मग कार्यक्रम असो वा नसो. त्यामुळे समारोप होताच ते बंद करण्याचे काम एका शिक्षकाकडे नेमून दिले आहे.

एक उणीव मात्र शिल्लक आहे. दोन्ही वाटांना चित्र पुरवणारा कॅमेरा अजून एकच आहे. तो बंद पडला तर पुढचे सारे असूनही फडावरच्या मोबाइलवर काहीच दिसणार नाही. एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे वापरात नसलेला, एचडीएमआय जोडणी देणारा कॅमेरा असेल तर त्याने तो शाळेच्या कार्यालयात पोहोचता करावा. दुसरा कॅमेरा आला की काळ्या चित्राच्या अटीचा विचार आम्ही पुन्हा करू. आवाजाची अट मात्र ध्यान आणि अभिवादनाच्या वेळा ध्यानात घेतल्याशिवाय लावणार नाही.